बकुळा कुणाची?

खाडीकाठच्या एका गावात एक मास्तर होते, त्रिंबक मास्तर. निवृत्त झाल्यावर माणसं देवळात जाऊन बसतात, यांना लोज्बान नावाची भाषा शिकायचं खूळ लागलं. विद्वानांनी तर्काला धरून रचलेली भाषा ती. तिच्यात 'किंवा' म्हणायचं तर दोन्ही चालतील की एकच, हे आधी ठरवायचं. 'माझं' तर तीन परींचं. बसलोय ती खुर्ची नुसतीच माझी, चष्मा खास माझा, आणि हात जन्मानंच माझा, कधी न सुटणारा.

घरात कुणी "माझा तांब्या कुठाय?" म्हणालं की मास्तर विचारत, "कुठल्या परीनं माझा?" त्यांची बायको मालूकाकू म्हणे, "पाणी पिण्यापुरता माझा. द्या इकडे."

याच घरात बकुळा वाढत होती. शेजारच्या धाकू खलाशाची ही लेक. ती तीन वर्षांची असताना तिची आई गेली. धाकूला बोटीवर जाणं भाग होतं, म्हणून त्यानं पोर मालूकाकूंच्या ओटीत घातली. सहा वर्षांनी तो परत आला, कायमचा, आणि लेकीला न्यायला दारात उभा राहिला.

मास्तरांना पोर सोडवेना. पण बोलले मात्र ताठ्यात. "पोर तुझी किंवा माझी. दोघांची नाही. लोज्बानच्या पुस्तकालाच विचारू."

पुस्तकात जन्माच्या 'माझं'खाली हात होता, पाय होता, आईबाप होते. सांभाळणाऱ्याचं नाव कुठंच नव्हतं. मास्तरांनी पान तीनदा वाचलं. ती भाषा गावात दुसऱ्या कुणाला येत नव्हती, त्यांनी काहीही सांगितलं असतं तरी खपलं असतं. बकुळा दाराला टेकून ऐकत होती.

"तुझी आहे, धाकू," मास्तर म्हणाले. "माझी फार तर या खुर्चीसारखी." मालूकाकूंनी पदर डोळ्यांना लावला.

धाकू जागचा हलला नाही. "मास्तर, तिला जेवायला काय आवडतं, ती कशाला भिते, मला काहीच ठाऊक नाही. ते कुठल्या पानावर आहे?"

"ते पुस्तकात नाही रे. वांगं खात नाही ती. ढग गडगडले की भिते, पण सांगत नाही. वेणी घालताना गोष्ट लागते." बोलता बोलता मास्तरांना रडू फुटलं.

धाकूनं खांद्यावरचं बोचकं खाली ठेवलं. "हे सगळं शिकायला मला वर्ष तरी लागेल. मी शेजारचं माझं घर झाडून घेतो. तिचं ताट दोन्हीकडं मांडू."

मास्तर पुस्तकात कधी रेघसुद्धा मारत नसत. त्या दिवशी त्यांनी पेन्सिल घेतली आणि हातापायांच्या ओळीखाली लिहिलं: बकुळा, धाकूची आणि माझी.

तात्पर्य: मायेच्या माणसाची वाटणी होत नाही. 'तुझं किंवा माझं' म्हणून ओढाताण करू नये. खरं बोलावं आणि 'तुझं आणि माझं' म्हणून सांभाळावं.