गोधडीचे पोट

दयाळनाथ महाराज त्या वर्षी आंबेवडगावी, ओढ्यापलीकडच्या मठीत उतरले होते. गावात ठकूबाई नावाची एक विधवा राहत असे. महाराजांवर तिची फार श्रद्धा. जुन्या लुगड्यांची तिने शिवलेली गोधडी महाराज अंगावर घेत, एवढ्यानेच ती धन्य होई.

पावसाळ्यात तिची पाठ धरली ती सुटेचना. बरगडीला नुसता हात लागला तरी जीव कळवळे. व्यंकटशास्त्री वैद्य मोठे विद्वान, पण तितकेच फटकळ. हाडांतल्या मज्जेलाच रोग लागला आहे, हे त्यांनी अचूक ओळखले. पण तेवढ्यावर थांबतील तर ते शास्त्री कसले! लेक मंजुळा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिच्यादेखतच ते म्हणाले, "दिवाळी काही दिसायची नाही हिला. गोधडी कुणासाठी शिवतेस, बाई? सुईत दोऱ्याबरोबर आयुष्यही ओवून द्या म्हणावं तुझ्या महाराजांना."

ठकूबाईची सुई थांबली. गोधडी होणाऱ्या नातवंडासाठी होती. शिवणारी मध्येच गेली तर तशी गोधडी बाळाच्या अंगावर घालत नाहीत. मरणाचे तिला भय नव्हते हो, पण नातवंड आपल्या हातच्या उबेवाचून राहील, या विचाराने तिला रडू आवरेना. लेकीच्या खांद्याचा आधार घेत ती मठीत गेली आणि पुढे शिवू की सोडून देऊ, असे तिने विचारले.

महाराज म्हणाले, "शिवत राहा. शेवटचा कोपरा तेवढा उघडा ठेव. गोधडीचं पोट भरायला आम्ही येऊ."

त्या मुलखात गोधडी पुरी होताना कोपऱ्यात भाकरीचा तुकडा घालून मग टाका मारतात. भरल्या पोटी गोधडी ऊब देते, असे बायका मानतात. शास्त्र्यांच्या कानावर ही गोष्ट गेली, तेव्हा उंदरांची सोय झाली म्हणून ते पोटभर हसले.

महाराज घाटाखाली निघून गेले. ठकूबाई बसून, निजून, जमेल तशी शिवत राहिली. आश्विनात एक कोपरा तेवढा उरला, आणि गोधडी उशाशी ठेवून तिने अंथरूण धरले. दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी तिची शुद्ध हरपली. शास्त्र्यांनी नाडी पाहून मान हलवली. घरच्यांनी तिला भुईवर घेतले, मुखात तुळशीपत्र ठेवले. मंजुळेने हंबरडा फोडला.

एवढ्यात दारात महाराज उभे! त्यांना कुणी निरोप धाडला नव्हता.

"भुईवर का निजवलीत? गार लागेल की तिला," महाराज म्हणाले आणि तिच्या उशाशी बसले. झोळीतून त्यांनी भाकरी काढली. घाटाखालून येईतो दिवस जातो, आणि भाकरीला अजून वाफ होती! एक तुकडा त्यांनी गोधडीच्या कोपऱ्यात घातला, दुसरा हातात धरला. "ठकूबाई, गोधडी भुकेली आहे. टाका घाल."

ठकूबाईने डोळे उघडले. कालपर्यंत पाण्याची वाटी न पेलणाऱ्या त्या हाताने सुई धरली, कोपरा शिवला, गाठ मारून दोरा दाताने तोडला. मग तिने महाराजांच्या हातचा तो तुकडा खाल्ला आणि आणखी मागितला. शास्त्र्यांनी पुन्हा नाडी धरली. ती संथ चालली होती. 

पौषात बारसे झाले. त्याच गोधडीत गुंडाळलेली नात ठकूबाईने स्वतः पाळण्यात घातली. पाठ अधूनमधून दुखे, पण ती घरात हिंडत-फिरत होती. महाराज आले होते, शास्त्रीही आले होते. शास्त्र्यांनी खालच्या आवाजात विचारले, "महाराज, रोग गेला का? आता किती वर्षं धरायची?"

महाराज म्हणाले, "रोग घरातच आहे. त्याला ओसरीवर बसवलंय. उठू लागला तर तुमचं औषध लागेल, ते चालू ठेवा. नाडी आजचं सांगते, शास्त्रीबुवा. उद्याचं तिला कशाला विचारता?"

शास्त्र्यांचे डोळे भरून आले. त्यांनी महाराजांच्या पायांवर डोके ठेवले. मग पाळण्याकडे वळून ठकूबाईपुढे हात जोडले आणि म्हणाले, "बाई, माझ्यासाठीही एक शिवाल?"

"शिवीन की," ठकूबाई म्हणाली. "जुनेर तेवढं घरून आणा."