हेरंबाचे ठोकळे

एका गावात हेरंब नावाचा एक औषधवाला होता. दुकान बेताचंच चाले, पण छंद मोठा जबर. गिऱ्हाईक नसलं की तो संगणकावर कॅड हा रेखाटनाचा प्रोग्रॅम उघडून बसे आणि घरात लागणाऱ्या वस्तूंची चित्रं रेखाटत राही. तालुक्याच्या एका दुकानात थ्रीडी प्रिंटर होता. तिथे चित्र पाठवलं की टणक प्लास्टिकची वस्तू होऊन येई.

शेजारच्या गोदामावशींचे गुडघे धरले होते. खुर्चीतून उठताना त्या देवाचं नाव घेत आणि कधीकधी देवाला बोलही लावत. हेरंबाने त्यांच्या खुर्चीच्या पायांखाली ठेवायला चार ठोकळे करून दिले. ठोकळ्याच्या डोक्यावर खोबण, खोबणीत खुर्चीचा पाय. खुर्ची उंच झाली, मावशी सहज उठू लागल्या आणि गावभर हेरंबाचं नाव झालं.

खरी करामत वेगळीच होती. हेरंबाने चित्र असं बांधलं होतं, की एक माप बदललं की बाकीची मापं आपोआप बदलत. पंगतीत एक माणूस वाढला की सगळे सरकून बसतात ना, तसं. खोबणीची खोली मात्र काही केल्या सरकेना. ठोकळा उंच केला तर खोबणही खोल व्हायला हवी, नाहीतर खुर्चीचा पाय निसटायचा. पण तिला उंचीशी जोडायला गेलं, की संगणक चूक दाखवी आणि अख्खं चित्र लाल होऊन अडून बसे. शेवटी कंटाळून हेरंबाने तिथे मावशींच्या खुर्चीपुरता एक आकडा ठोकून दिला. "उद्या बघू," असं तो स्वतःशी म्हणाला. तो उद्या काही उजाडला नाही.

पुढे लोकांनी चित्र मागितलं. हेरंबाने ते गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं आणि खाली ऐटीत लिहिलं, 'कोणतंही माप घाला आणि बिनधोक बसा.' वाचनालयाने येत्या रविवारी त्याला शाल-श्रीफळ द्यायचं ठरवलं.

शुक्रवारी सकाळी नाना मोहित्यांची सून शालन औषधं न्यायला आली. नाना म्हणजे धिप्पाड गडी. खुब्याचं ऑपरेशन होऊन ते त्याच दुपारी इस्पितळातून घरी यायचे होते.

"भाऊजी, तुमच्या चित्रावरून नानांसाठी ठोकळे करून आणले हो," शालन कौतुकाने म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, खुर्ची चांगली उंच हवी. म्हणून वीतभर उंचीचे घेतले."

वीतभर! मावशींचे ठोकळे होते चार बोटं उंच.

शालन गेल्यावर त्याने ते माप घाईघाईने संगणकात घातलं. चित्र नीटनेटकं उभं राहिलं. कुठे लाल नाही, काही नाही. त्याचीच त्याला जास्त भीती वाटली. वीतभर ठोकळ्यावर एवढीशी उथळ खोबण, आणि ती उथळ आहे हे जगात फक्त त्याला ठाऊक.

मन चिंती ते वैरी न चिंती. हेरंबाला डोळ्यांसमोर नाना पडताना दिसू लागले. त्याने फोन उचलला आणि खाली ठेवला. सांगावं तर रविवारची शाल गेली आणि गावात हसं झालं. न सांगावं तर? काही होणारही नाही कदाचित, असं तो मनाला समजावत राहिला. मन ऐकेना. खोकल्याचं औषध मागणाऱ्याच्या हातात त्याने पायाला लावायचं मलम ठेवलं.

दुपारी नानांची जीप दुकानावरून गेली. दुकान तसंच उघडं टाकून हेरंब जीपमागे धावत सुटला.

तो पोचला तेव्हा नाना वॉकर धरून खुर्चीपाशी आले होते. आजूबाजूला शेजारीपाजारी जमले होते.

"नाना, बसू नका! ठोकळ्यांत खोट आहे. माझं चुकलंय."

शालन हसली. "बघा, एवढं नाव झालं तरी भाऊजींचा विनय काही सुटत नाही."

"अरे हेरंबा, गोदा रोज बसते ना? मग मला काय होतंय!" असं म्हणत नानांनी खुर्चीकडे पाठ केली.

हेरंब मध्ये घुसला. "आधी मी बसतो," असं म्हणून त्याने नानांसारखंच सगळं अंग मागे टाकलं. खुर्चीचे मागचे दोन्ही पाय खोबणीतून निसटले आणि खुर्चीसकट हेरंब फरशीवर उताणा आदळला.

कुणीही हसलं नाही. नाना खाली पडलेल्या खुर्चीकडे बघत राहिले.

"तिथे मी असतो रे," ते हळूच म्हणाले.

हेरंबाला रडूच फुटलं. "मला पहिल्यापासून ठाऊक होतं, नाना. एक आकडा मी तसाच ठोकून दिला होता."

"ठाऊक होतं, आणि लिहिलंस बिनधोक?"

हेरंबाने खिशातून फोन काढला.

"ते आधी पूस," नाना म्हणाले. "मग कंबर शेकत बस."

हेरंबाने तिथेच जमिनीवर बसल्या बसल्या ग्रुपवरचं ते वाक्य पुसलं, आपली चूक लिहिली आणि उंच ठोकळे ताबडतोब काढून ठेवायला सगळ्यांना सांगितलं. मग घरी जाऊन त्याने चित्र मोडलं आणि पहिल्यापासून नीट बांधायला घेतलं. रविवारची शाल त्याने स्वतःच नको म्हणून कळवलं. रविवारी संध्याकाळी शालन त्याच्या घरी आली. नानांनी आपली एक जुनी शाल पाठवली होती, त्याच्या कंबरेला गुंडाळायला.

तात्पर्य: आपल्या कामातली खोट आपल्याला ठाऊक असताना दुसऱ्याला त्या कामाची हमी देऊ नये. खोट वेळेवर सांगितली तर फार तर आपली लाज जाते. लपवली तर दुसऱ्याचं हाड मोडतं.