एका नावाच्या दोन धारा

एका राज्यात पाणी मंत्राने वाहत असे, आणि तलवारीही मंत्रानेच परजल्या जात. राजा भीमकेतूच्या चौकात एक सामाईक वेदी होती. मांत्रिकांनी तिच्यावर आपापल्या वस्तूंना नावे द्यावीत, आणि सकाळी राजपुरोहिताने सगळ्यांचे मंत्र सलग म्हणावेत, अशी रीत होती.

जलदा नावाच्या मांत्रिकिणीने डोंगरातल्या झऱ्याला नाव दिले ‘धार’. तिचा मंत्र होता, धार पाटात उतरो. दुसऱ्या दिवशी शस्त्रागाराचा मांत्रिक खड्गनाथ आला. त्याने तलवारीच्या पात्यांना नाव दिले, तेही ‘धार’. वेदीला एका नावाची एकच वस्तू ठाऊक. शेवटी सांगितलेली ती खरी. झऱ्याचे नाव गळून पडले. कोणालाच कळले नाही.

सकाळी राजकन्या तारिणी घागर घेऊन चौकातल्या कोरड्या पाटात उभी होती. पुरोहिताने मंत्र आरंभला. पाटातून पाती आली, लखलखत, एकीमागून एक. घागरीची दोन शकले झाली. पुरोहिताची वाचा बसली, मंत्र अर्ध्यावर थांबला, आणि पाती राजकन्येच्या गळ्याभोवती वीतभरावर हवेत थिजली.

चौकात राजाच्या हातून राजदंड निसटला, तो उचलायचे भान त्याला राहिले नाही.

वेदीवर बसणारा नीलकंठ पक्षी बोलला, “राजा, अर्धा मंत्र माध्यान्हापर्यंतच थांबतो, मग पुढे चालू होतो.”

“उपाय सांग.”

“झरा आणि पाती, दोन्हींना ‘धार’ हेच नाव पडले आहे. तीन कामे. वेदीवरून ते उघडे, बिनधन्याचे नाव पुसावे. प्रत्येकाने आपल्या वस्तूआधी आपले नाव जोडावे. आणि मंत्रांत जिथे जिथे जुने नाव आहे, तिथे तिथे नवे घालावे.”

जलदेने आणि खड्गनाथाने मिळून नाव पुसले. मग ती म्हणाली, “ही जलदेची धार.” तो म्हणाला, “ही खड्गनाथाची धार.” वेदीने दोन्ही नावे घेतली. तिसऱ्या कामाला दोघे बसले, ओळीमागून ओळ बदलू लागले. सावल्या पायाशी आल्या तेव्हा पुरोहिताने तोंड उघडले.

“थांबा,” खड्गनाथ ओरडला. “माझ्या मंत्राच्या शेवटी, म्यानाच्या ओळीत. तिथे नुसती धारच राहिली आहे. तशीच म्हटली असती, तर पाती म्यानात परतलीच नसती.”

ओळ सुधारली. मंत्र झाला. पाती वळली आणि शस्त्रागारात गेली. पाटातून थंड पाणी खळखळत आले, राजकन्येच्या घोट्यांपर्यंत चढले. ती तरीही हलेना. पाण्याकडे नुसती पाहत राहिली.

तेव्हा खड्गनाथ पाटात उतरला. त्याने ओंजळ पाण्यात बुडवली, वर काढली, सर्वांसमोर उघडली. हात शाबूत होते.

“जलदेची धार आहे, बाई,” ओंजळ पुन्हा भरत तो म्हणाला. “प्या.”

तारिणी त्याच्याच ओंजळीतून पाणी प्यायली. त्या दिवसापासून त्या वेदीवर धन्याचे नाव न जोडता कोणी वस्तू ठेवली नाही. त्या नगरीचे पाणी पाणीच राहिले. तसे सर्वांचे राहो.