रांजणातली दुसरी भाकरी

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि गावाच्या अगदी शेवटच्या घरात जव आंबवणारा एक म्हातारा राहायचा. जवाला मोड आणायचे, ते वाळवून भाजायचे, भरडून शिजवायचे आणि मागच्या रांजणातला गाळ विरजण म्हणून घालून आंबवायचे. थोड्या दिवसांत फेसाळ, आंबूस पेय तयार होई. शहरातले लोक त्यालाच बिअर म्हणतात आणि काचेच्या पेल्यातून ऐटीत पितात. या गावात त्याला नुसतं 'जवाचं' म्हणत आणि मातीच्या वाटीतून पीत.

म्हाताऱ्याची बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. ती आजारी पडली तेव्हापासून भाकऱ्या तोच थापायचा. ती गेली, पण ते त्याच्या हातांना कुणी सांगितलंच नाही. रोज सकाळी हात आपले दोन भाकऱ्यांचं पीठ काढायचे. एक तो खायचा, दुसरी ताटाखाली झाकून ठेवायचा. संध्याकाळी ताट उचललं की भाकरी होती तिथेच असायची.

अन्न टाकवत नव्हतं. शेजाऱ्याच्या गाईला घालावी, तर शेजारी विचारणार, रोज एक भाकरी उरते कशी? आणि त्याचं उत्तर देताना रडू आलं असतं. म्हणून तो ती सुपात वाळत घालायचा. एक सूप भरलं, दुसरं भरलं. शेवटी एक दिवस त्याने सगळ्या वाळक्या भाकऱ्या तव्यावर खरपूस भाजल्या, कुटल्या आणि जवाच्या रांजणात लोटून दिल्या. निदान डोळ्यांसमोरून तरी गेल्या!

चैत्रातल्या जत्रेला गावात सगळ्यांनी आपापलं जवाचं पारावर आणून चाखायचा रिवाज होता. पहिला घोट ज्याने ते केलं त्याचा, आणि घोट घेतल्यावर आत काय काय घातलंय ते चारचौघांत सांगायचं, मगच ते दुसऱ्यांनी प्यायचं. फार मागे कुणा शहाण्याने गंमत म्हणून धोत्रा घातला होता आणि अर्धं गाव दोन दिवस झोपून राहिलं होतं. तेव्हापासूनचा हा नेम.

म्हाताऱ्याने घोट घेतला आणि तो उभा राहिला.

"जव," तो म्हणाला. "पाणी. विरजण. आणि..."

सगळे वाट बघत होते. शिळी भाकरी म्हणावं, तर गावाला शिळं खाऊ घातल्याची शरम. कुणाची भाकरी म्हणून विचारलं, तर त्याहून मोठी पंचाईत.

"आणि वाघकड्यावरचं एक मूळ," तो म्हणाला.

पाटलांनी वाटी तोंडाला लावली आणि डोळे मिटले. आधी आंबूस, मग भाजल्याचा खरपूस वास आणि शेवटी जिभेवर रेंगाळणारी थोडी कडसर चव.

"आयला!" पाटील म्हणाले. "चुलीम्होरं बसून जेवल्यागत वाटतंय."

दुपारच्या आत रांजण रिकामा झाला. जो तो म्हाताऱ्याच्या पाठीवर थाप मारत होता. घरी जाताना म्हातारा खूश होता, आणि त्याची ती खुशी घरचं दार उघडेपर्यंत टिकली.

दुसऱ्या दिवसापासून लोक मूळ बघायला यायला लागले. म्हातारा दार लावून घ्यायचा. कारण आत सुपात पुन्हा काय वाळत होतं, ते त्याला ठाऊक होतं.

गावात एक कुंभारीण होती. तीही एकटीच. म्हाताऱ्याचे रांजण तीच घडवायची. बाजाराला जाता-येता ती त्याच्याकडे आत येऊन बसायची, तांब्याभर पाणी प्यायची, भट्टीत काय तडकलं त्याच्या कहाण्या सांगायची आणि घर झाडत नाही म्हणून त्याला चार शब्द सुनवायची. त्या घराचा उंबरा ओलांडणारं तेवढं एकच माणूस होतं. आता तीही दाराशी आली, तर म्हातारा चौकट अडवून उभा.

"आत पसारा हाय, बाई."

"मी चिखलात जन्म काढला, मला पसाऱ्याचं काय सांगता?"

म्हातारा हलला नाही. ती पाणी न पिताच निघून गेली. त्या दिवशी त्याला बायको गेली त्या दिवसापेक्षाही एकटं वाटलं. या वेळी दार त्यानेच लावलं होतं.

कुंभारणीने मात्र वेगळाच अर्थ काढला. म्हाताऱ्याचे गुडघे गेलेत, कडा चढवत नाही, मूळ मिळालं नाही तर जत्रेत मान खाली जाईल, म्हणूनच तो असा तुटक वागतोय. तोंडाने काही सांगायचा नाही, मोठा मानी! कार्तिकातल्या एका सकाळी ती पाटी घेऊन एकटीच वाघकड्यावर गेली. कुठलं मूळ ते माहीत नव्हतं. ज्या मुळाला वास आला ते तिने उपटलं. उतरताना पाय घसरला आणि उजवा हात मनगटात मोडला. मेंढपाळांनी तिला खाली आणलं.

बातमी कळताच म्हातारा धावत गेला. कुंभारीण हाताला कामट्या बांधून पडली होती. शेजारी पाटीत पाच-सहा तऱ्हेची मुळं होती.

"बघा की दादा," ती म्हणाली. "यातलं कंचं?"

कुठलंही एक उचलून 'हेच' म्हटलं असतं तर भागलं असतं. तिला बरं वाटलं असतं आणि याची अब्रू राहिली असती. म्हाताऱ्याने एक मूळ उचललंही. मग त्या कामट्यांकडे पाहिलं आणि ते परत पाटीत ठेवलं.

"यातलं एकबी न्हाई. मूळ नव्हतंच, बाई. खोटं बोललो मी."

आणि त्याने सगळं सांगितलं. दोन भाकऱ्यांचं पीठ, झाकलेलं ताट, सुपं, सगळं.

"म्हंजी शिळ्या भाकरीपायी माझा हात मोडला?"

"व्हय."

कुंभारणीने भिंतीकडे तोंड फिरवलं. घडे घडवणारा तिचा उजवा हात होता तो. म्हातारा जायला उठला.

"दुसरी भाकरी अजून करता?" ती भिंतीकडे बघतच म्हणाली.

"हात आपसूक करत्यात."

"मग वाळवू नका. मला एका हातानं थापता येत न्हाई. उद्यापासनं आणून द्या."

दुसऱ्या दिवशी त्याने फडक्यात गुंडाळून गरम भाकरी नेली. तिने तुकडा मोडला.

"करपलीय."

"एकाच बाजूनं."

"उद्या नीट भाजा," ती म्हणाली आणि सगळी भाकरी संपवली.

पौषात हात जुळून आला, थोडा वाकडाच. भाकरी मात्र थांबली नाही. कधी तो घेऊन जायचा, कधी ती येऊन त्याच्या चुलीपाशी बसून खायची आणि घर झाडलं नाही म्हणून बोलायची. साठलेल्या वाळक्या भाकऱ्या शेजाऱ्याच्या गाईला गेल्या आणि सुपं खुंटीला टांगली गेली.

चैत्र आला. म्हाताऱ्याने नवा रांजण पारावर आणला. वाकड्या हाताने घडवलेला असल्यामुळे त्याचं तोंड एका बाजूला झुकलं होतं. म्हाताऱ्याने पहिला घोट घेतला.

"जव, पाणी, विरजण."

"आन् मूळ?" लोकांनी गिल्ला केला.

म्हाताऱ्याने वाटी खाली ठेवली. कुंभारीण पुढेच बसली होती. तिने एकदा 'सांगा' अशी मान डोलावली. त्याने गावासमोर सगळं सांगून टाकलं. एकजण हसला, एकजण म्हणाला, "शिळं पाजलंस की रे आम्हाला!" पण बरेचजण गप्पच राहिले. झाकून ठेवलेलं ताट कुणाकुणाच्या घरी होतं.

पाटलांनी वाटी उचलली, चाखली आणि तोंड वाकडं केलं.

"गेल्या सालची सर न्हाई याला."

"न्हाई," म्हातारा म्हणाला. "यंदा भाकरी उरलीच न्हाई."

तात्पर्य एवढंच: आपलं एकटेपण लाजेपोटी लपवलं, तर आपल्यासाठी आलेल्या माणसालाही दाराबाहेर उभं राहावं लागतं; आणि ते खरं सांगून टाकलं, तर दुसरी भाकरी खायला कुणीतरी येतं.