आजोबा रोडरोलर, आजी जेसीबी, आणि काकू?

एक होता नचू. नचूचा होता एक डंपर. पिवळा. मुठीएवढा.

एकदा काय झालं? डंपर हातातून सुटला. घर्रर्र घर्रर्र... गेला थेट दिवाणाखाली.

दिवाणावर बसले होते आजोबा. आजोबा बसले की दिवाण वाकतो. डंपर खाली अडकला. नचूने ओढला. हालेना. पुन्हा ओढला. हालेचना.

नचू म्हणायचा, आजोबा म्हणजे रोडरोलर. जड आणि संथ. एकदा थांबले की थांबले.

"आजोबा आजोबा, उठा ना!
तुम्ही उठलात, की माझा डंपर निघेल."

आजोबांनी पेपरचं पान उलटलं.

"आधी चहा येऊ दे. चहाशिवाय मी नाही उठायचा."

नचू निघाला. दुडूदुडू दुडूदुडू. गेला आजीकडे.

आजी म्हणजे जेसीबी. एक डबा शोधते, अख्खं कपाट उपसते. खडाम् खुडुम्! खडाम् खुडुम्!

"आजी आजी, चहा कर ना!
चहा झाला, की आजोबा उठतील.
आजोबा उठले, की माझा डंपर निघेल."

आजीने कपाटातून डोकं बाहेर काढलं.

"दूध नासलंय रे सोन्या. आधी काकाला दूध आणू दे. दुधाशिवाय मी नाही चहा करायची."

नचू निघाला. दुडूदुडू दुडूदुडू. गेला काकाकडे.

काका म्हणजे ट्रॅक्टर. आवाज फार. फट् फट् फट्! "निघालो! हा काय, निघालोच!" आणि काका जागेवरच.

"काका काका, दूध आण ना!
दूध आलं, की आजी चहा करेल.
चहा झाला, की आजोबा उठतील.
आजोबा उठले, की माझा डंपर निघेल."

"हा काय, निघालोच! पण शर्टाचं बटण तुटलंय. पोट दिसतं रे. आधी आत्याला बटण लावू दे. बटणाशिवाय मी नाही जायचा."

नचू निघाला. दुडूदुडू दुडूदुडू. गेला आत्याकडे.

आत्या म्हणजे क्रेन. उंच. सगळं उचलते आणि माळ्यावर ठेवते. मग ते कुणालाच मिळत नाही. कुईंईं... कुईंईं...

"आत्या आत्या, बटण लाव ना!
बटण लागलं, की काका दूध आणेल.
दूध आलं, की आजी चहा करेल.
चहा झाला, की आजोबा उठतील.
आजोबा उठले, की माझा डंपर निघेल."

आत्याने वरून खाली पाहिलं.

"आधी तुझ्या नव्या काकूला नाव घेऊ दे. लग्न झाल्यापासून सांगतेय, एक उखाणा घे, एक उखाणा घे. ही आपली नुसती हसते! उखाण्याशिवाय मी नाही सुई धरायची."

नचू निघाला. दुडूदुडू दुडूदुडू. गेला काकूकडे.

काकू खिडकीशी कपड्यांच्या घड्या घालत होती. काकू म्हणजे...

नचू थांबला. काकू म्हणजे कोण? खडाम् नाही. फट् नाही. कुईं पण नाही.

"काकू काकू, नाव घे ना!
नाव घेतलंस, की आत्या बटण लावेल.
बटण लागलं, की काका दूध आणेल.
दूध आलं, की आजी चहा करेल.
चहा झाला, की आजोबा उठतील.
आजोबा उठले, की माझा डंपर निघेल."

काकू हळूच म्हणाली, "घेईन की. पण मी कुठलं मशीन? सगळ्यांना दिलंस, मलाच नाही दिलंस. मशीनशिवाय मी नाही नाव घ्यायची."

नचूने काकूला पुढून पाहिलं. मागून पाहिलं.

"तू आगीचा बंब."

"बंब केवढा ओरडतो! मी कुठे ओरडते?"

"उभा असला की गप्प असतो," नचू म्हणाला. "निघाला की ओरडतो."

काकूने घडी बाजूला ठेवली. ओढणी खोचली. आणि निघाला बंब! टण् टण् टण् टण्!

"रोडरोलर दिवाणावर, जेसीबी उपसतो ओटा,
निनादरावांचं नाव घेते, त्यांचा शर्टच झालाय छोटा!"

सगळं घर ऐकत राहिलं. काकाने पोट आत घेतलं.

मग काय!
काकूने नाव घेतलं, आत्याने बटण लावलं.
बटण लागलं, काकाने दूध आणलं.
दूध आलं, आजीने चहा केला.
चहा झाला, आजोबा उठले. आधी एक पाय. मग दुसरा पाय.
दिवाण वर आला. कुर्रर्र!
आणि डंपर निघाला!

रिकामा नव्हता. भरून आला होता. धूळ, केसांचा गुंता, एक मोजा.

नचूने तो खोलीच्या मधोमध नेला. मागचा हौदा उचलला. धप्प!

"अगं बाई! हे आता कोण झाडणार?" जेसीबी म्हणाला.

रोडरोलर परत बसला. ट्रॅक्टर म्हणाला, "हा काय, निघालोच!" क्रेनने माळ्याकडे पाहिलं.

आणि बंब?

बंब उभा होता. गप्प.

डंपर चालू, गोष्ट बंद. घर्रर्र!