घरी बसलेल्याचा रोग

"काय म्हणालास तो शब्द?"

"नॉस्टॅल्जिया, बाबा."

भाऊनाथबाबा मठाच्या ओट्यावर शेंगा सोलत होते. समोर त्यांचा शिष्य शीलनाथ. मठात येण्याआधी तो कॉलेजात इंग्रजी शिकवायचा. ते त्याला स्वतःला विसरता येत नव्हतं आणि दुसऱ्यालाही तो विसरू देत नव्हता.

"मूळ ग्रीक," तो म्हणाला. "एक तुकडा घरी परतण्याचा, एक वेदनेचा. तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी स्वित्झर्लंडमधल्या वैद्यकीच्या एका विद्यार्थ्याने दोन्ही जोडले. घरापासून लांब गेलेली माणसं झुरायची, अन्न सोडायची. त्या रोगाला त्याने हे नाव दिलं."

"औषध?"

"घरी पाठवणं."

"आणि घरीच बसलेल्याला झाला तर?"

शीलनाथ हसला. "घरी असलेल्याला कसा होईल, बाबा?"

बाबांनी टरफलं गोळा केली.

"तुला बारा वर्षं झाली. उद्या निघ."

मठाचा नियमच होता तो. घर सोडून बारा वर्षं झाली की एकदा आपल्याच दारात उभं राहून भिक्षा मागायची, परक्या दारात मागावी तशी. ओढ उरली नाही ना, ते कळावं म्हणून.

"मला तो रोग नाही," शीलनाथ म्हणाला.

"मग जायला काय हरकत आहे?"

चौथ्या दिवशी दुपारी तो परतला. झोळीत फडक्यात बांधलेली एकच भाकरी होती. ती त्याने बाबांपुढे ठेवली.

"कुणी घातली?"

"बायकोनं. इंदूनं."

"ओळखलं?"

"नाही. ही दाढी, या जटा... कशी ओळखणार? वाकून नमस्कार केला. आशीर्वाद मागितला."

"कसला?"

"म्हणाली, महाराज, बारा वर्षं एका माणसाची वाट बघतेय. हे वाट बघणं तेवढं सुटू दे."

"दिलास?"

"नाही."

"भिक्षा घेतलीस ना तिची?"

"तोंडाशी आलं होतं, बाबा. सुटेल, एवढंच म्हणायचं होतं..."

"पण?"

शीलनाथने मान खाली घातली. "तिनं वाट बघणं थांबवावं, हे मला सोसवेना."

बोलून गेल्यावर त्याला स्वतःची लाज वाटली. आणि लाजेहून जास्त राग आला, तो तिचा.

बाबांनी फडकं सोडलं. भाकरीचा पापुद्रा बोटाने उचलला. आत लसणाची चटणी भरलेली होती, तेलात कालवून.

शीलनाथ बघतच राहिला. घरी तो भाकरी अशीच खायचा. चटणी पापुद्र्याच्या आत नसली, तर ताट सरकवून उठायचा.

"गोसाव्याला अशी भाकरी घालतात?" बाबांनी विचारलं.

"घरी बसलेल्याच्या रोगाला..." शीलनाथ भाकरीकडे बघत म्हणाला. "त्याला शब्द नाही, बाबा. इंग्रजीत नाही. मला कुठल्याच भाषेत..."

बाबांनी भाकरी पुन्हा फडक्यात बांधली आणि त्याच्या झोळीत टाकली.

"शब्द तिनं मागितला नव्हता. औषध मागितलं होतं."