दवाखान्यातला दीड तास

"हे 'दीड तास' काय लिहिलंय, रेवती? हा दवाखाना आहे की गावचा पार?" भर रांगेसमोर डॉक्टर निमकर कडाडले.

नंबर यायला किती वेळ लागेल ते सांगणारा फलक भिंतीवर होता. त्याचा प्रोग्राम खिडकीवर बसणाऱ्या रेवतीनं लिहिलेला. आधी तिथं '५४०० सेकंद' असं झळकायचं, आणि बाकावरचा जो तो खिडकीशी येऊन विचारायचा, "म्हणजे किती वो बाई?" मीही दोनदा विचारलेलं. शेवटी रेवतीनं प्रोग्राम बदलला आणि फलक माणसांसारखा बोलू लागला: दीड तास, सव्वा तास.

"मशीन सेकंदच मोजतंय, सर. पण जेवून यावं की बसून राहावं, ते माणसाला कळायला नको?"

"मला नेमकेपणा हवा! लोक अडाणी म्हणून मशीनही अडाणी करायचं?"

तिच्या जागी मी असते तर तिथंच त्यांची खरडपट्टी काढली असती. पोरगी मात्र नोकरी पणाला लागली तरी जागची हलली नाही.

"पाऊण तास देतो," साहेब गरजले. "तेवढ्यात सेकंद परत आले नाहीत, तर उद्यापासून येऊ नका!"

यावर रेवती जे बोलली, ते ऐकून साहेब गुपचूप केबिनमध्ये शिरले आणि फलक आजही तसाच आहे. ती म्हणाली, "सर, एवढ्या रागातही तुमच्या तोंडून सेकंद निघाले नाहीत, मग आजारी माणसांनी ते का वाचायचे?"